इशारा ओळखणारे औषध

[आपल्या शरीरातील पेशींना बाहेरचे निरोप कळतात ते त्यांच्या पृष्ठभागावरील 'ग्राहीं'मुळे. या ग्राहींवर ताबा मिळवून रोग बरा करण्याचा प्रयत्न आज जगभर चालू आहे. आपल्या महाराष्ट्रात, पवई आणि खारघर येथे या बाबतीत झालेले मोठे काम लेखकाने प्रस्तुत पाठात सोप्या भाषेत सांगितले आहे.]

रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात गव्हाण नावाचे गाव आहे. उरणकडे जाताना लागणारा गव्हाण फाटा तुमच्यापैकी काहींनी पाहिलाही असेल. मी या गावात राहतो. आमच्या शेजारी नववीत शिकणारा एक मुलगा आहे. एकदा त्याचे मामू चिपळूणहून त्यांच्या घरी राहायला आले. मामूंना रक्ताचा कर्करोग झाला होता. उपचारासाठी ठरावीक दिवसांनी त्यांना रुग्णालयात जावे लागे.

एके दिवशी संध्याकाळी तो मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, मामूंचा आजार रक्तात आहे ना? मग औषध घेतल्यावर त्यांचे केस का गळाले? तोंडात फोड का आले?"

मी म्हणालो, "औषधाला माणसाची ओळख नाही, म्हणून."

त्याला काही कळले नाही. तुम्हालाही कळले नसेल. म्हणून ही गोष्ट सुरुवातीपासून सांगतो.

आपले शरीर सुमारे ३० लाख कोटी पेशींचे बनलेले आहे. मराठीतली 'पेशी' म्हणजे उर्दूतला 'खलिया'. कोर्टातली 'पेशी' वेगळी, हे लक्षात ठेवा. या पेशी वाढतात आणि एकीच्या दोन होतात; पण हे काम त्या हिशेबाने करतात. कर्करोगाच्या पेशींना हा हिशेब राहत नाही. त्या वाढतच जातात. कर्करोगावरची जुनी औषधे भराभर वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करतात. परंतु आपल्या केसांच्या मुळाशी, तोंडात आणि आतड्यांतही भराभर वाढणाऱ्या पेशी असतात. त्या बिचाऱ्या निरोगी असतात. औषधाला मात्र हा फरक समजत नाही. चोराबरोबर शेजाऱ्यालाही मार बसतो. म्हणून केस गळतात आणि तोंडात फोड येतात. उपचार संपल्यावर बहुधा केस पुन्हा येतात.

मग नेमकी कर्करोगाची पेशी ओळखणारे औषध तयार करता येईल का? हे समजण्यासाठी आधी पेशी एकमेकींना कशा ओळखतात ते पाहू.

प्रत्येक पेशीभोवती पातळ आवरण असते. त्या आवरणात प्रथिनांचे अनेक रेणू रोवलेले असतात. त्यांपैकी बाहेरचा निरोप घेणाऱ्या रेणूंना 'ग्राही' म्हणतात. ग्राही म्हणजे जणू पेशीच्या दारावरचे कुलूप. गंमत पाहा, मराठीतला 'कुलूप' हा शब्द अरबीतील 'कुफ्ल' या शब्दावरून आला आहे. तुमच्या उर्दूच्या पुस्तकात तो तुम्ही वाचला असेलच. कुलपाला जशी त्याचीच किल्ली लागते, तसा प्रत्येक ग्राहीला त्याचाच रेणू लागतो. विज्ञानात कुलूप-किल्लीची ही उपमा प्रथम एमिल फिशर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९४ साली वापरली.

इन्सुलिनचे उदाहरण घ्या. जेवल्यावर आपल्या रक्तातील साखर वाढते. तेव्हा स्वादुपिंडातून इन्सुलिन बाहेर पडते आणि स्नायूंच्या पेशींवरील आपल्या ग्राहींवर जाऊन बसते. या ग्राहीचा एक भाग पेशीच्या बाहेर असतो आणि दुसरा भाग पेशीच्या आत असतो. बाहेर किल्ली बसली, की आतल्या भागात बदल होतो. पेशीला निरोप मिळतो, "साखर आत घ्या." निरोप देण्यासाठी इन्सुलिनला पेशीत शिरावे लागत नाही. आपण दाराबाहेरची घंटा वाजवतो आणि घरातली माणसे दार उघडतात, तसेच हे आहे.

आपल्या रक्तात 'टी-पेशी' नावाच्या पेशी असतात. त्या शरीराच्या पहारेकरी आहेत. त्यांच्या अंगावरही ग्राही असतात. जंतू शिरलेली पेशी समोर आली, की टी-पेशीचा ग्राही तिला ओळखतो आणि टी-पेशी तिला ठार करते. मग या पहारेकऱ्यांना कर्करोग का दिसत नाही? कारण कर्करोगाची पेशी बाहेरून आलेली नसते. ती घरचीच असते. घरातलाच माणूस चोर झाला, तर पहारेकरी त्याला कसा अडवणार?

शास्त्रज्ञांनी विचार केला, की पहारेकऱ्याला नवे डोळे द्यावेत. १९८९ साली इस्राएलमधील झेलिग एश्हार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टी-पेशीसाठी एक कृत्रिम ग्राही तयार केला. त्याचा बाहेरचा भाग त्यांनी एका प्रतिपिंडापासून घेतला. प्रतिपिंड म्हणजे शत्रूला घट्ट पकडणारे प्रथिन. आतला भाग टी-पेशीच्या स्वतःच्या ग्राहीचा घेतला. दोन वेगळ्या वस्तू जोडून एक नवी वस्तू बनली. ग्रीक कथांमध्ये सिंह, बोकड आणि साप यांचे मिळून झालेले एक जनावर आहे. त्याचे नाव कायमेरा. त्यावरून अशा ग्राहीला 'कायमेरिक अँटिजन रिसेप्टर', थोडक्यात 'कार', असे नाव पडले. हा ग्राही बसवलेल्या टी-पेशीला 'कार-टी पेशी' म्हणतात.

कार-टी उपचाराला अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली. परंतु त्याचा खर्च तीन-चार कोटी रुपयांच्या घरात जात असे. आपल्या देशातील बहुतेक रुग्णांना तो झेपणे शक्यच नव्हते.

हे काम आपल्याकडे करायचे, असे पवईच्या आय.आय.टी. मुंबईतील प्राध्यापक राहुल पुरवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवले. त्यांनी प्रयोगशाळेत नवा ग्राही तयार केला. पण प्रयोगशाळेतली वस्तू रुग्णापर्यंत नेण्यासाठी डॉक्टर हवेत, रुग्णालय हवे. टाटा स्मारक केंद्राचे डॉ. गौरव नरुला आणि डॉ. हसमुख जैन यांनी ती जबाबदारी उचलली. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्याच संस्थेचे 'ॲक्ट्रेक' नावाचे मोठे केंद्र खारघरला आहे. गव्हाण आणि खारघर ही दोन्ही ठिकाणे एकाच पनवेल तालुक्यातली. ४ जून २०२१ रोजी भारतात तयार झालेली कार-टी पेशी प्रथमच एका रुग्णाला देण्यात आली, ती या खारघरच्या केंद्रात. त्या वेळी देशात करोनाची साथ चालू होती, हेही विसरू नका.

हा उपचार कसा करतात? प्रथम रुग्णाचे रक्त एका यंत्रातून फिरवतात. त्यातल्या टी-पेशी बाजूला काढून घेतात आणि बाकीचे रक्त रुग्णाला परत देतात. मग त्या टी-पेशींत नव्या ग्राहीचे जनुक घालतात. जनुक म्हणजे तो ग्राही कसा बनवावा याचा लेखी हुकूम. हा हुकूम आत कोण नेणार? त्यासाठी एक विषाणू वापरतात. त्याची रोग पसरवण्याची शक्ती आधीच काढून टाकलेली असते. तो फक्त टपालवाल्याचे काम करतो. हुकूम मिळाल्यावर टी-पेशी नवा ग्राही बनवून अंगावर मिरवू लागते. अशा पेशी काही दिवस वाढवतात, तपासतात आणि सलाइनप्रमाणे रुग्णाच्या शिरेतून परत देतात. रुग्णाच्याच पेशी रुग्णालाच मिळतात. एकासाठी बनवलेले हे औषध दुसऱ्याला चालत नाही.

आता हा ग्राही ओळखतो कशाला? काही प्रकारचे रक्ताचे कर्करोग 'बी-पेशी' नावाच्या पेशींपासून होतात. त्या पेशींच्या अंगावर 'सीडी-१९' नावाचे प्रथिन असते. हीच त्यांची खूण. कार-टी पेशी ही खूण पाहते, पेशीला पकडते आणि मारते. केसांच्या मुळाशी ही खूण नसते. म्हणून कार-टी पेशी केसांच्या वाटेला जात नाही. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सीडी-१९ निरोगी बी-पेशींवरही असते. त्यामुळे त्याही मरतात आणि रुग्णाची प्रतिकारशक्ती काही काळ कमी होते. शिवाय पेशी परत देण्यापूर्वी जुन्या औषधांचाही थोडा उपयोग करावा लागतो. ओळख पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगली आहे; पण ती अजून शंभर टक्के अचूक झालेली नाही.

या उपचाराचे नाव 'नेक्सकार-१९'. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारताच्या औषध नियंत्रण विभागाने त्याला मान्यता दिली. पंधरा वर्षांवरील ज्या रुग्णांवर इतर उपचार लागू पडले नाहीत किंवा ज्यांचा आजार उलटला, त्यांच्यासाठी ही मान्यता होती. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवई येथे त्याचा प्रारंभ झाला. चाचण्यांमध्ये ६४ रुग्णांना हा उपचार दिला होता. ज्यांच्यावरील परिणाम तपासता आला, त्यांपैकी ७३ टक्के रुग्णांचा कर्करोग हटला किंवा कमी झाला. हे निष्कर्ष २०२५ साली 'लॅन्सेट' समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ७३ टक्के हा आकडा मोठा आहे. पण उरलेल्या २७ टक्क्यांतही माणसेच असतात, म्हणून संशोधन थांबत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, पहारेकऱ्याला डोळे मिळाले. पण त्याला आवर कोण घालणार? २०१२ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात एका लहान मुलीला कार-टी पेशी देण्यात आल्या. पेशींनी कर्करोगावर असा जोराचा हल्ला केला, की मुलीला भयंकर ताप आला. ती मरणाच्या दारात पोहोचली. तपासणीत तिच्या रक्तात 'इंटरल्युकिन-६' नावाचा रेणू फार वाढलेला आढळला. तेव्हा डॉक्टरांना एका औषधाची आठवण झाली. टोसिलिझुमॅब हे त्याचे नाव. ते जपानमध्ये तयार झालेले, सांधेदुखीच्या एका आजारावरचे औषध होते. इंटरल्युकिन-६ ज्या कुलपात बसते, त्या कुलपावर हे औषध आधीच जाऊन बसते. मग किल्ली असूनही दार उघडत नाही. औषध दिल्यावर ताप उतरला, मुलगी वाचली आणि तिचा कर्करोगही गेला. आज कार-टी उपचार करणारे डॉक्टर हे औषध हाताशी ठेवतात.

यातून शास्त्रज्ञांनी धडा घेतला. एखादा ग्राही चालू करता येणे पुरेसे नाही. तो हवा तेव्हा चालू आणि नको तेव्हा बंद करता आला पाहिजे. २०१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे वेंडेल लिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती केली. त्यांनी कार-ग्राहीचे दोन तुकडे केले. रुग्णाला विशिष्ट औषध दिले तरच हे तुकडे एकमेकांना जोडले जातात. तुम्ही बँकेचा लॉकर पाहिला आहे का? एक किल्ली ग्राहकाजवळ आणि दुसरी बँकेजवळ असते. दोन्ही लागल्याशिवाय लॉकर उघडत नाही. येथेही तसेच. कर्करोगाची खूण ही एक किल्ली आणि डॉक्टरांचे औषध ही दुसरी. औषध थांबवले, की टी-पेशी शांत होते. हा प्रयोग प्रयोगशाळेत आणि उंदरांवर झाला.

याहून मौजेची गोष्ट इन्सुलिनची. मधुमेहाचा रुग्ण इन्सुलिन घेतो. ते घेतले आणि जेवायला उशीर झाला, तर रक्तातील साखर फार खाली जाते. माणसाला घाम सुटतो, हात थरथरतात, कधी कधी तो बेशुद्ध पडतो. कारण साखर कमी झाली तरी किल्ली आपले काम करतच राहते. डेन्मार्कमधील नोवो नॉर्डिस्क कंपनीच्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांबरोबर एक वेगळे इन्सुलिन तयार केले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये 'नेचर' नियतकालिकात त्याची माहिती प्रसिद्ध केली. या इन्सुलिनच्या रेणूवर एका ठिकाणी कडी बसवली आहे आणि दुसऱ्या ठिकाणी साखरेसारखा एक तुकडा. रक्तात साखर कमी असते तेव्हा तो तुकडा कडीत अडकून बसतो. मग इन्सुलिन मिटलेले राहते आणि ग्राहीवर नीट बसत नाही. साखर वाढली, की खरी साखर कडीत शिरते आणि तुकड्याला बाहेर ढकलते. इन्सुलिन उघडते आणि कामाला लागते. रक्तातील साखर अगदी कमीवरून खूप जास्त झाली, तेव्हा ग्राहीशी जुळण्याची त्याची शक्ती ३.२ पट वाढलेली दिसली. हे प्रयोग उंदीर आणि डुकरे यांच्यावर केले होते. माणसांचे औषध होण्यापूर्वी अशा रेणूला अनेक चाचण्यांतून जावे लागते. परंतु कल्पना पाहा! साखरेचा इशारा मिळाला, की औषध जागे होते. इशारा थांबला, की ते झोपी जाते.

ही सारी हकीकत मी त्या मुलाला अनेक दिवस थोडी थोडी करून सांगितली. दरम्यान मामूंचे उपचार पूर्ण झाले. जुन्याच औषधांनी त्यांना गुण आला. डोक्यावर बारीक केस उगवू लागले. चिपळूणला निघण्याच्या आदल्या दिवशी ते मला म्हणाले, "सर, तुमच्या त्या नव्या औषधाची गरज मला पडली नाही. ज्याला पडेल, त्याला ते मिळो."

तो मुलगा जवळच उभा होता. त्याने विचारले, "सर, ते औषध केवढ्याला मिळते?"

मी म्हणालो, "बाहेरच्या देशात तीन-चार कोटी. आपल्याकडे सुरू झाले तेव्हा तीस-चाळीस लाख. येथेच संशोधन झाले, येथेच पेशी तयार झाल्या, म्हणून खर्च दहापटीने कमी झाला."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण सर, चाळीस लाखसुद्धा आमच्या घरात कुणी पाहिलेले नाहीत."

त्याला काय उत्तर द्यावे, ते मला सुचले नाही. मुलांनो, त्याचे म्हणणे खरे होते. जे औषध कर्करोगाची पेशी ओळखते, ते गरिबाचे घर अजून ओळखत नाही. चार कोटींचे चाळीस लाख ज्यांनी केले, तीही तुमच्याआमच्यासारखी शाळेत शिकलेलीच माणसे आहेत. चाळीस लाखांचे चार लाख कोण करणार? तुमच्यापैकी कुणी हे काम हाती घेतले, तर त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला देता येईल.

शब्दार्थ

पेशी – खलिया
उपचार – इलाज
रुग्ण – मरीज
निरोप – पैगाम
ग्राही – पेशीच्या आवरणातील, बाहेरचा निरोप घेणारा रेणू
प्रतिकारशक्ती – रोगाशी लढण्याची शरीराची ताकद
खूण – निशाणी
अचूक – चूक नसलेले, नेमके
नियतकालिक – ठरावीक काळाने निघणारे वाचनपत्र, रिसाला
इशारा – खूण, संकेत (मराठीत हा शब्द 'ताकीद' या अर्थानेही येतो : पोलिसांनी इशारा दिला.)

वाक्प्रचार

हाती घेणे – एखादे काम सुरू करणे
गुण येणे – औषधाने बरे वाटणे
आवर घालणे – ताब्यात ठेवणे
वाटेला न जाणे – त्रास न देणे, दूर राहणे
मरणाच्या दारात पोहोचणे – मरण्याची वेळ येणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) 'कुलूप' हा शब्द कोणत्या भाषेतील शब्दावरून आला आहे?
(२) टी-पेशींना लेखकाने कोणाची उपमा दिली आहे?
(३) खारघर येथील केंद्राचे नाव काय?
(४) कार-टी पेशी कोणती खूण पाहून शत्रूला ओळखते?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) जुन्या औषधांनी रुग्णाचे केस का गळतात?
(२) विषाणूला 'टपालवाला' का म्हटले आहे?
(३) बँकेच्या लॉकरचे उदाहरण देऊन लेखक काय समजावतो?
(४) नव्या प्रकारचे इन्सुलिन केव्हा मिटते व केव्हा उघडते?

प्र. ३. कोण, कोणास म्हणाले?
(१) "औषधाला माणसाची ओळख नाही, म्हणून."
(२) "ज्याला पडेल, त्याला ते मिळो."

प्र. ४. जोड्या जुळवा.
'अ' गट : (१) एमिल फिशर (२) झेलिग एश्हार (३) राहुल पुरवार (४) वेंडेल लिम
'ब' गट : (अ) आय.आय.टी. मुंबई (आ) कुलूप-किल्लीची उपमा (इ) दोन तुकड्यांचा ग्राही (ई) टी-पेशीसाठी कृत्रिम ग्राही

प्र. ५. वरील वाक्प्रचारांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा.

प्र. ६. विचार करा व लिहा.
"जे औषध कर्करोगाची पेशी ओळखते, ते गरिबाचे घर अजून ओळखत नाही." या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

उपक्रम : इलाज, हुकूम, कुलूप यांसारखे अरबी-फारसीतून मराठीत आलेले दहा शब्द शोधा. त्यांचा मराठीतील आणि उर्दूतील अर्थ सारखा आहे की वेगळा, ते शिक्षकांच्या मदतीने लिहा.